सातव्या मजल्याचा खटका

२ मार्च

ती. मामा आणि मामी,

फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता. मामा सांगतात, आधी लाल वायर सोड, आणि मामी विचारते, आधी जेवलीस का. परवा शेवटी मी दोन्ही न करताच फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

बंदर कार्यालयाची नोटीस आली आहे. चौदा एप्रिलला तपासनीस बोट बघायला येणार. आतली वीज धोकादायक निघाली, तर धक्क्यावरची जागा गेली. आणि जागा नसलेली जुनी लाकडी शिडाची बोट कोणी फुकटसुद्धा घेत नाही, ती सरळ तोडायला जाते. मामा, तुमचा हात प्लास्टरमध्ये, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच घालून घेतलं. 'पास करून आण, मग बोट तुझी' हे तुमचे शब्द आहेत. आता शब्द फिरवायचा नाही.

आज पॅनल उघडलं. आपल्या बोटीत 'तिसरा मजला लाव' म्हटलं की केबिनमधला दिवा लागतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. लोकांच्या बोटीत असं नसतं हे मात्र आज कळलं. शेजारच्या बोटीतल्या बाई डोकावल्या, खटक्यांवरच्या 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' अशा पितळी पट्ट्या वाचल्या आणि म्हणाल्या, ही लिफ्ट कुठवर जाते? मी सांगितलं, मामांनी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, मोडीत निघालेल्या लिफ्टांचे खटके घरी आणले आणि बोटीला लावले. तळमजला का नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तळमजला पाण्याखाली आहे.

आता रडगाणं. पॅनलच्या मागे सगळीकडे हिरवा गंज. वायरी इतक्या कडक की वाकवल्या की वरचं रबर गळून पडतं. चौथा मजला, म्हणजे डोलकाठीवरचा दिवा, बुक्की मारल्याशिवाय लागत नाही. दुसरा मजला तासाभरात तापतो. आणि एका फ्यूजमध्ये चॉकलेटची चांदी गुंडाळलेली सापडली. मामा, हे कोणी केलं असेल?

माझ्याकडे चष्म्याच्या दुकानातले बारीक स्क्रूड्रायव्हर आहेत आणि रोज दुपारनंतर तीन तास. सुरुवात कुठून करू?

तुमची भाची


८ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय आणि तुझी मामी लिहून घेतेय. माझा शब्द न् शब्द जसाच्या तसा लिहीन, असं तिनं कबूल केलंय. (लिहिते आहेच. 'मी सांगतो तसंच लिही' हे वाक्य ह्यांनी चार वेळा सांगितलं, ते एकदाच धर. – मामी)

पहिली गोष्ट, बॅटरीची वायर सोडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दुसरी, सगळे खटके एकदम काढून पसारा घालायचा नाही. एक काढायचा, त्याच्या जागी नवा बसवायचा, लावून बघायचा, मग पुढचा. वायरींना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांध. तिसरी, घरात वापरतात ती वायर आणू नकोस. खाऱ्या हवेत ती दोन वर्षांत काळी पडते. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर माग. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदल.

चांदीचा फ्यूज मी केला. तो तात्पुरता होता. (एकोणीस वर्षं.)

बाकी बोटीची काळजी करू नकोस. तिच्यात जे काही आहे ते मी स्वतः, माझ्या हातांनी केलंय. (कप मी आणले.) बावीस वर्षांत तिच्यात पाण्याचा थेंब आलेला नाही. बाजूचे लोक दर रविवारी बादल्या घेऊन पाणी उपसत बसायचे आणि मी पाय पसरून पेपर वाचायचो. माझा हातपंप अजून नवा कोरा आहे, एकदाही वापरावा लागला नाही. सुकाणूचा दांडा जिथून खाली जातो तिथलं भोक मी असं भरलंय की मुंगी शिरायची नाही. (इथे मी काही लिहीत नाही.)

आणि एक. सातव्या मजल्याला हात लावायचा नाही. सातवा खटका बोटीचा तोल राखतो. तो कसा राखतो ते तुला समजायचं नाही, पण तो अतिशय महत्त्वाचा आहे. (सातवा असू दे गं. तो लागलेला असला की मला बरं वाटतं.)

तुझा मामा
(हस्ताक्षर आणि शुद्धलेखन मामीचं)


१७ मार्च

ती. मामा आणि मामी,

चार मजले झाले! दुकान बदलावं लागलं, मामा म्हणाले तसं. पहिला मजला, म्हणजे बाजूचे लाल-हिरवे दिवे, पहिल्याच फटक्यात लागले आणि मी इतकी नाचले की डोकं छताला आपटलं. दुसऱ्यानं मात्र नाकी नऊ आणले. खटका लावला की रेडिओ सुरू होण्याऐवजी नळाला पाणी यायचं. मी दोन दिवस डोकं धरून बसले. मग कळलं की निळा दोरा आणि जांभळा दोरा केबिनच्या अंधारात सारखेच दिसतात. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईची ही गत. दुकानात कोणाला सांगू नका.

नवे खटके काळे, रबरी टोपीचे, पाणी न शिरणारे आहेत. पण तुमच्या पितळी पट्ट्या मी घासून परत लावतेय. 'चौथा' लखलखायला लागला की डोळ्यांना बरं वाटतं.

आता सातव्याचं सांगा. नव्या पॅनलला सहाच जागा आहेत आणि सातवा बाजूला वेगळ्या लाकडी फळीवर आहे. त्याच्यामागे दोन वायरी आहेत. एक त्या छोट्या लाल दिव्याला जाते. दुसरी बाकाखाली कुठेतरी जाते, आणि तिथे हात पोचत नाही. तोल राखण्याचं यंत्र मी सगळ्या पुस्तकांत शोधलं, मिळालं नाही. तपासनीस विचारणारच, हा कशाचा? मी काय सांगू?

तुमची भाची


२२ मार्च

भाचे,

हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस. मामी दात दाखवायला गेली आहे. तासाभरात येईल.

सातवा खोटा आहे.

बोट घेतली तेव्हा मामी पहिल्याच दिवशी फार घाबरली. बोट जरा कलली की माझा दंड धरायची. पुन्हा येणार नाही म्हणाली. तिच्याशिवाय मला बोट नको होती. मग मी एक जास्तीचा खटका लावला, त्याला लाल दिवा जोडला आणि सांगितलं, हा तोल राखतो. तिनं लगेच विश्वास ठेवला. तेव्हापासून बोटीत पाऊल टाकलं की आधी सातवा बघते. किनाऱ्याला लागलो तरी बंद करू देत नाही. म्हणते, राहू दे, बोट एकटी असते. केवढी भोळी!

बाकाखालची वायर म्हणजे माझाच जुना कचरा असणार. कापून टाक. दिवा तेवढा चालू ठेव. तपासनिसाला सांग, शोभेचा आहे.

हे मामीला कळलं तर बावीस वर्षांचा विश्वास जाईल. मी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर द्यायला पुष्कळ थापा मारल्या. पण बायकोला ही एकच. उत्तरात याबद्दल अवाक्षर नको. मला एका हातानं पाकीट फोडता येत नाही, त्यामुळे सगळी पत्रं तीच उघडते.

हात दुखला. थांबतो.

मामा


३१ मार्च

ती. मामा आणि मामी,

मामा, बसून वाचा.

शुक्रवारी मी पॅनल पुरं केलं. सगळं लागलं, काही तापलं नाही, मी खुशीत कुलूप लावून घरी गेले. त्यानंतर दुकानात गर्दी होती म्हणून आज आले. दार उघडलं तर उश्या पोहत होत्या. पाणी घोट्याच्या वर. एक कप माझ्या समोरून तरंगत गेला.

हातपंप नवा कोरा असल्यामुळे जाम झाला होता. दांडा ओढला तो हातात आला. शेजारच्या बाई बादली घेऊन धावल्या म्हणून निभावलं. आम्ही दोघींनी एकशे तीस बादल्या मोजल्या, पुढे मोजायचं सोडून दिलं. बॅटरी चार बोटांनी वाचली. संध्याकाळपर्यंत कोरडं केलं आणि फळी उचलून बघितलं, तर पाणी अजून आत येतंय. हळूहळू, पण येतंय.

तपासणीला चौदा दिवस राहिलेत. वीज सुधारली आणि बोट बुडाली, असं झालं तर मी कुठे तोंड दाखवू? मला ही बोट हवी आहे, मामा. तिच्या केबिनमध्ये मी पाढे पाठ केले आहेत. ती तोडलेली मला बघवणार नाही.

मी सगळं सांगितलं होतं तसंच केलं. अगदी सगळं. मामा, समजतंय ना?

भाची


४ एप्रिल

चि. बाळा,

सोबतच्या कागदावर ह्यांचं उत्तर आहे. 'पाणी खालून येणं शक्य नाही, वरचं झाकण उघडं राहिलं असेल.' ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ते वाचून बाजूला ठेव. आता माझं वाच. हे झोपलेत.

सातव्याची वायर कापलीस ना? खरं सांग. रागावणार नाही.

पहिल्या दिवशी मी घाबरले होते, ते खरं. तेव्हा ह्यांनी तो लाल दिवा लावला आणि गंभीर चेहरा करून मला तोल राखण्याचं यंत्र समजावून सांगितलं. अगं, मी दहा वर्षं बालवाडी चालवली. थाप मारणाऱ्याचा चेहरा मला मागूनसुद्धा ओळखता येतो. पण हा माणूस रविवारी दिवसभर गुडघ्यावर बसून, घामाघूम होऊन, माझ्यासाठी एक खोटा खटका बसवत होता. मला इतकं बरं वाटलं की भीती तिथेच गेली. मग कशाला सांगायचं?

त्याच उन्हाळ्यात फळीखाली पाणी दिसलं. सुकाणूच्या भोकातून येत होतं, ह्यांनी मुंगीसाठी बंद केलेल्या. मी म्हटलं, अहो, ओल दिसते. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पुढच्या आठवड्यात एका उंच इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि हे चार दिवस तिकडेच होते. मी धक्क्यावरच्या पंपवाल्याला बोलावलं. त्यानं बाकाखाली एक छोटा पंप बसवला, पाणी चढलं की आपोआप चालतो तसला. वीज कुठून घेऊ, म्हणाला. मी म्हटलं, सातव्यावरून घ्या, त्याला दुसरं काही काम नाही.

पंपाची नळी त्यानं सिंकच्या नळीला जोडली. बाहेर पाणी पडताना दिसलं की हे म्हणायचे, किती वेळा कप विसळतेस! मी म्हणायचे, सवय आहे. पंप घुरघुरायला लागला की मी गाणं म्हणायचे. ह्यांना वाटायचं, मी भीतीपोटी गाते. बावीस वर्षांत माझा आवाज त्या पंपानं सुधारला.

म्हणून सातवा कधी बंद करू दिला नाही. आता बाकाखाली फळी काढ, तुला पंप दिसेल. वायर जोड. ह्यांना सांगू नकोस. ह्यांचा सगळा अभिमान त्या कोरड्या फळीवर उभा आहे.

तुझी मामी


१५ एप्रिल

प्रिय मामी,

पाकीट तूच उघडणार म्हणून फक्त तुला लिहितेय. एकाचं गुपित या खिशात, दुसऱ्याचं त्या खिशात, आणि मधे मी. कुठून या वायरींच्या भानगडीत पडले असं झालंय. पण तुमच्या दोघांची पत्रं शेजारी ठेवून वाचली तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकासमोर रडले. गिऱ्हाईक म्हणालं, नंबर वाढला का?

तर ऐक. वायर मीच कापली होती. जोडली, स्वतंत्र फ्यूज लावला, आणि पंप असा काही घुरघुरला की मी त्याला नमस्कार केला. मग पंपवाल्याला गाठलं. तोच अजून आहे, फक्त केस गेलेत. तो म्हणाला, 'तुमच्या मामींनी मला शपथ घातली होती, म्हणून मी तुमच्या मामांशी बावीस वर्षं फक्त हवामानावर बोलतोय.' सुकाणूच्या दांड्याभोवतीचं जुनं भरण त्यानं काढलं. त्यातून एक आख्खा मोजा निघाला. मामांचा असावा. आता नवं भरण बसलंय आणि आठ दिवस फळी कोरडी आहे.

काल तपासनीस आले. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर (मी आधी तो नीट करून दिला). पॅनलवरच्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाले, 'या बोटीला सात मजले आहेत?' मी सगळे दाखवले. एकेक खटका लावला, बंद केला, त्यांनी मागच्या वायरी ओढून बघितल्या. चौथ्यावर बोट फिरवून म्हणाले, 'काम स्वच्छ आहे.' मामी, मी तिथेच नाचणार होते.

सातव्याशी आल्यावर विचारलं, हा कशाचा? मी सांगितलं, पाणी उपसायच्या पंपाचा. शोभेचा म्हणणं मला जमलं नाही. त्यांनी बादलीभर पाणी ओतून बघितलं, पंप चालला, त्यांनी खूण केली.

आता खरी गोची. बोट पास आहे, पण दाखला मिळायला सोबतचा फॉर्म मालकाच्या सहीनं पंचवीस तारखेच्या आत पोचला पाहिजे. त्यात खटका, त्याचं काम आणि मूळ जोडणी कोणाची, असे तीन रकाने आहेत. पहिले दोन मी भरलेत. तिसरा मालकानं स्वतःच्या हातानं भरायचा. सातव्या ओळीत मी लिहिलंय, 'आपोआप पाणी उपसणे.' मामा ते वाचणार. वाचून म्हणाले, माझ्या बोटीत पाणी येतच नाही, हे खोटं आहे, सही करणार नाही, तर बोट गेली. आणि सही केली तर त्यांचं काय होईल, तेही मला कळतंय. खोटं लिहून आणायला मला सांगू नकोस. दुसरं काय करू, तूच सांग.

तुझी भाची


२१ एप्रिल

चि. बाळा,

फॉर्म सोबत आहे. कसा झाला ते सांगते.

काल ह्यांचं प्लास्टर निघालं. घरी आलो, ह्यांनी दहा वेळा मूठ उघडून मिटून बघितली. मी विचार केला, लपवालपवी पुरे. फॉर्म टेबलावर ठेवला, पेन ठेवलं, म्हटलं, तिसरा रकाना तुम्ही भरायचाय. आणि कपडे वाळत घालायला मागे गेले. एकच चादर तीन वेळा झटकली.

परत आले तर हे सातव्या ओळीवर बोट ठेवून बसलेले. म्हणाले, 'हे काय?'

मी म्हटलं, 'पंप.'

'कधीपासून?'

'पहिल्याच उन्हाळ्यापासून. तुम्ही लिफ्टसाठी गेला होतात तेव्हा.'

पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, 'म्हणजे खटका खोटा आहे, हे तुला माहीत होतं.'

'पहिल्या दिवसापासून.'

'मग हसली का नाहीस मला?'

खरं सांगते बाळा, इतक्या वर्षांत मला कोणी इतकं अवघड काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, 'तुम्ही माझ्यासाठी बसवला होतात. हसायचं कसं?' आणि माझं तोंड वाकडं झालं, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

आतून मला पेनाचा आवाज येत होता. त्याच दिवशी प्लास्टरमधून सुटलेला हात, सावकाश चालला होता. मध्येच थांबला. मला वाटलं, फाडतात आता फॉर्म. बोट जाणार, तुझी मेहनत जाणार, आणि हे उरलेलं आयुष्य माझ्याशी फक्त हवामानावर बोलणार. मग पेन पुन्हा चाललं. खुर्ची सरकली. हे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

मी येऊन वाचलं. पहिल्या सहा ओळींत सहा वेळा लिहिलंय, 'स्वतः मालक.' सगळ्या ओळी एकाखाली एक, वाकड्या, पण ठसठशीत. सातव्या ओळीत आधी लिहिलं होतं, 'मालकाची बायको.' त्यावर एक सरळ रेघ मारली आहे आणि वर लिहिलंय, 'मालकीण.' शेजारी खाडाखोडीची सही केली आहे, नियमाप्रमाणे.

बंदर कार्यालयातले खाडाखोड बघून कुरकुर करतील. दुसरा कोरा फॉर्म देऊ करतील. घेऊ नकोस. त्यांना म्हणावं, हाच घ्या.

तुझी मामी